पत्तेदार येथे राहत नाही

सोलापूर,
९ जून २०२५

ती. बाबांस,
कीर्तीचा सविनय जयभीम. वि. वि.

बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्या वस्तीसमोर तुम्ही जाहीर केलंत की आजपासून कीर्तीशी एक शब्दही बोलणार नाही. महिना होत आला, तुम्ही शब्द पाळलात. फोन लावला की आई उचलते आणि मागून तुमचं खोकणं ऐकू येतं. पण बोलणार नाही म्हणालात, वाचणार नाही असं काही म्हणाला नव्हतात. चौतीस वर्षं पोस्टमनकी केलेला माणूस स्वतःच्या नावचं पाकीट न फोडता ठेवेल यावर माझा विश्वास नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचा राग मला कळतो. एम.ए., बी.एड., सेट झालेली मुलगी कॉलेज सोडून ट्रक चालवणार म्हणते, तेव्हा बापाला राग येणारच. पण ते कॉलेज तुम्ही बाहेरून पाहिलंत, मी आतून. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर भूगोल शिकवला. जितके तास तितके पैसे, आणि तेही मार्चचे दिवाळीला. कायम झाल्यावर घर बघू, कायम झाल्यावर स्थळ बघू, कायम झाल्यावर आईचे डोळे दाखवू, असं म्हणता म्हणता मी छत्तीस वर्षांची झाले. फळ्यावर बोरघाट किती वेळा काढला त्याची मोजदाद नाही, आणि अजून एकदाही तो पाहिलेला नाही. आता पोरांना दाखवला तो रस्ता मी स्वतः चालवून बघणार आहे.

एसटीतून निवृत्त झालेले सोमलिंग काका चिंचोळी एमआयडीसीत नव्या ड्रायव्हरांना तयार करतात. त्यांच्याकडे सात महिने, कॉलेजचे तास सांभाळून, अवजड गाडी शिकले. २ जूनला आरटीओत परीक्षा पास झाले, पहिल्या खेपेत. काका ज्यांच्याकडे आहेत त्या राजशेखर मालकांनी नवी बारा टायरी गाडी मला द्यायचं कबूल केलंय. पगार चाळीस हजार, खेपेचा भत्ता वेगळा, आणि दर महिन्याच्या सात तारखेला हातात. पगाराला तारीख असते हे मला विसरायला झालं होतं.

अट एकच आहे. लायसन्सचं कार्ड १५ जुलैच्या आत त्यांच्या टेबलावर हवं. मोबाईलमध्ये दिसणारं लायसन्स त्यांना चालत नाही. कार्ड हातात घेतल्याशिवाय त्यांनी आजवर कुणालाच चावी दिलेली नाही. माझ्या आधारवर आपल्या गावचा पत्ता आहे, त्यामुळे कार्ड पोस्टाने तिकडेच येईल. आलं की आईला एक फोन करायला सांगा, मी येऊन घेऊन जाईन. मुदत चुकली तर गाडी दुसऱ्याला जाईल, आणि बाईच्या हातात ट्रक देणारा दुसरा मालक मला अजून भेटलेला नाही.

आईच्या गुडघ्यांना तेल लावायला विसरू नका. राग करा, पण त्याच्या आत माया असते ती आटू देऊ नका, एवढं मागते.

आपली,
कीर्ती

---

निंगनहळ्ळी, ता. अक्कलकोट,
२० जून २०२५

चि. कीर्ती हिस,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, तुझे ९ तारखेचे पत्र १२ तारखेस मिळाले. तीन दिवस लागले. आमच्या काळी सोलापूरचे टपाल दुसऱ्या दिवशी दारात असे.

मी बोलणार नाही म्हणालो तो शब्द कायम आहे. लिहिण्याबाबत मी काही म्हणालो नव्हतो हे तुझे म्हणणे नियमाला धरून आहे, म्हणून उत्तर देतो.

विहारात दरवर्षी वस्तीतल्या नोकरदारांची यादी मी वाचतो. तलाठी, नर्स, दोन शिक्षक, एक फौजदार. त्यात अकरा वर्षे प्राध्यापक म्हणून तुझे नाव मी वाचले. पगार किती आणि कधी, हे यादीत लिहीत नाहीत. लोक नाव ऐकून टाळ्या वाजवत होते आणि तुझी आई पदराने डोळे पुसत होती. ते सगळे सोडून तू त्या वाहनावर चढणार. सातवीपर्यंत तुला डावा हात कोणता हे धड सांगता येत नव्हते, आणि आता म्हणे बारा टायर.

पगाराचा प्रश्न असेल तर माझे पेन्शन आहे. कॉलेजला पुन्हा अर्ज कर. ट्रक हा शब्द या घरात नको. कारण विचारू नकोस.

कार्डाबद्दल म्हणशील तर आज तारखेपर्यंत तुझ्या नावाचे काहीही या घरात आलेले नाही.

तुझ्या आईच्या गुडघ्यांना रोज तेल लावतो आहे. प्रकृतीस जप. येथील लोभ आहे तसाच आहे, त्याची काळजी तुला नको.

तुझा,
त्रिंबक लिंबाजी शिवशरण

---

चिंचोळी एमआयडीसी,
१ जुलै २०२५

ती. बाबांस,
स. जयभीम वि. वि.

पत्र मिळालं, आणि माझ्या आधी ते सगळ्या कचेरीला मिळालं. पाकिटावर तुम्ही ठळक अक्षरात 'प्रा. कीर्ती शिवशरण' लिहिलंत, खाली मालकांच्या ट्रान्सपोर्टचा पत्ता. मुनीम ते पाकीट प्रत्येक टेबलावर फिरवून आला. आता गेटवरचा वॉचमनसुद्धा मला प्राध्यापक मॅडम म्हणून सलाम ठोकतो. बाबा, मी राजीनामा दिलेला आहे. पुढच्या पाकिटावर 'प्रा.' दिसलं तर न फोडता परत पाठवीन. तुमचीच मुलगी आहे, पाठवीनच.

चावी मिळेपर्यंत मी सोमलिंग काकांच्या शेजारी बसून खेपा करते आहे. परवा एका टॉवेलच्या कारखान्यात गाडीत माल भरायचा होता, सहा हमाल होते. माणसं ओळीने उभी दिसली की हजेरी घ्यायची ही माझी अकरा वर्षांची खोड. मी बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागच्या कोऱ्या बाजूवर एकेकाचं नाव लिहायला लागले. दोघांनी आडनावच सांगितलं नाही, तिसरा खांद्यावरची गाठ तिथेच टाकून मागच्या दाराने पसार झाला. त्यांना वाटलं मी कामगार खात्यातून तपासणीला आलेय. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. पळालेल्या माणसाला चहाच्या टपरीवरून समजूत घालून आणावं लागलं. मग मी सांगितलं की माल रचणार तुम्ही आणि तो घेऊन घाट उतरणार आम्ही, तर रचला कुणी ते मला ठाऊक नको का? त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर होते त्यांनी मग आपणहून नाव सांगितलं, बापाचंही सांगितलं, आणि नीट लिहिलंय की नाही ते वाचून दाखवायला लावलं. आता काका मला हजेरीवाली म्हणतात.

तुम्ही लिहिता की ट्रक हा शब्द घरात नको आणि कारण विचारू नको. मी शिक्षिका होते, बाबा. कारण न देता लिहिलेल्या उत्तराला मी कधी पोरांना गुण दिले नाहीत. पेन्शन तुमचं आणि आईचं आहे, त्यावर माझा डोळा नाही. कॉलेजला अर्ज करणार नाही.

कार्ड अजून आलं नाही हे खरं असेल तर मला धडकी भरली आहे. चौदा दिवस उरलेत. आपल्या गावच्या नव्या पोस्टमनला, गुरप्पाला, एकदा पोस्टात विचारायला लावा.

माझ्या हट्टासकट मला पदरात ठेवा.

आपली,
कीर्ती

---

सोलापूर,
१६ जुलै २०२५

ती. बाबांस,
स. जयभीम वि. वि.

नवी गाडी काल संध्याकाळी गेली. टेंभुर्णीच्या एका पोराला दिली. मालकांचा दोष नाही, त्यांनी पाच वाजेपर्यंत वाट पाहिली.

आरटीओत जाऊन मी पाकिटाचा नंबर काढला आणि मोबाईलवर तपासलं. माझं कार्ड १९ जूनला आपल्या गावी पोचलं होतं. त्यावर शेरा मारलाय, 'पत्तेदार येथे राहत नाही', आणि २० तारखेला ते परत निघालं. परत आलेल्या पाकिटांचा ढीग अजून लावलेला नाही, दोन आठवड्यांनी या, असं खिडकीवर सांगितलं.

हे काम गुरप्पाचं. आठ महिन्यांपूर्वी लागलेलं पोरगं, तुम्ही त्याला घरोघर फिरवून बीट शिकवलीत, आपल्या घरात शंभरदा चहा प्यालाय, आणि त्याला मी कुणाची कोण ते ठाऊक नाही? की बाईचं ट्रकचं लायसन्स बघून त्याला गंमत सुचली? मी गप्प बसणार नाही. आज सोलापूरच्या मोठ्या पोस्टात त्याच्या नावाने लेखी तक्रार दिली आहे. त्याच्या एका शेऱ्याने माझी सात महिन्यांची मेहनत गेली, आता त्याला उत्तर द्यावं लागेल.

तुम्हाला या शेऱ्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुम्ही मला धीराचे दोन शब्द लिहाल असं वाटतं, निदान या एका बाबतीत.

आपली,
कीर्ती

---

निंगनहळ्ळी,
२२ जुलै

चि. कीर्तीस,
तुज्या आईचा जयभीम.

हे पत्र मी सोता लिवतेय. साक्षरतेच्या वर्गात शिकल्याली अक्षरं हायत, वाकडी हायत, तशीच वाच. फोनवर सांगितलं आसतं, पर तुजा बाप दिवसभर घरातच बसून हाय, आन् त्येच्यासमोर मला सांगता येत न्हाय.

काल गुरप्पा आन् त्येची बायको श्रीदेवी आपल्या दारात आली हुती. तिच्या पोटात सातवा म्हैना हाय. ती उंबऱ्यावर बसून लई रडली. तुज्या अर्जावर सायेब चौकशीला आला हुता. गुरप्पा अजून पक्का झाल्याला न्हाय, अर्ज खरा ठरला तर त्येला काढत्यात म्हनं. सायबानं इचारलं तवा त्येनं खाली मान घालून माजीच चूक म्हणून सांगितलं. मी त्येला म्हनलं, आरं खरं का सांगितलं न्हाईस. तर म्हनतोय, अण्णांनी मला बीट शिकीवली, त्येंचं नाव मी कसं घिऊ.

आता तू ऐक. कार्ड घिऊन गुरप्पा दारात आला तवा तुज्या बापानंच त्येला सांगितलं, ती हितं ऱ्हात न्हाय, तसं लिव आन् परत धाड. गुरप्पा दोनदा म्हनला, अण्णा, ताईचं हाय की. तुज्या बापानं ऐकलं न्हाय. मी चुलीपाशी हुते, समदं ऐकलं. मी गप बसले, ही माजी बी चूक हाय.

गुरप्पा गेल्यापास्नं त्येंनी भाकरी खाल्ली न्हाय. माज्याशी बी बोलंनात. एका घरात आता किती जणांशी आबोला धरायचा.

तू लेक गुणाची हायस, पर भांडण चुकीच्या दारात नेलंस. त्या पोराचं नाव काढ अर्जातनं. बापाशी भांड, लई भांड, मी आडवी येनार न्हाय.

गुडघं बरं हायत. जेवत जा. तुज्यावर जीव हाय.

आई,
नागूबाई

---

सोलापूर,
२५ जुलै २०२५

श्री. त्रिंबक लिंबाजी शिवशरण,
निवृत्त पोस्टमन, यांस.

विषय: खुलासा मागविण्याबाबत.

आज मी जयभीम लिहीत नाही. वर विषय लिहिलाय, कारण तुम्हाला विषय लिहिलेलाच कागद कळतो.

आईचं पत्र आलं. २० जूनच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की माझ्या नावाचं काही या घरात आलेलं नाही. खरंच होतं. आदल्या दिवशी ते तुम्ही उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतंत. किती जपून वाक्य लिहिलंत, बाबा.

मी आठ वर्षांची असताना तिकिटासाठी शेजाऱ्यांचं पाकीट पाण्यात भिजवलं होतं. तुम्ही मला दिवसभर उन्हात दाराबाहेर उभं केलंत. दुसऱ्याच्या टपालाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास काढणं, असं म्हणालात. भर पुरात एका म्हातारीची मनिऑर्डर द्यायला तुम्ही ओढा ओलांडून गेला होतात, ते मी अकरा वर्षं प्रत्येक वर्गात अभिमानाने सांगितलं. आता मी कुणाला काय सांगू?

गाडी गेली याचं मला दुःख आहेच. तुम्ही हे केलंत याचं त्याहून जास्त आहे. कचेरीच्या मागे जुन्या टायरवर बसून मी रडले, आणि मग उठून काकांच्या गाडीची ताडपत्री बांधायला गेले. हे मुद्दाम सांगते, म्हणजे मी हरून परत येईन अशी आशा तुम्ही ठेवणार नाही.

तक्रार मी मागे घेणार नाही. तिच्यात गुरप्पाचं नाव राहणार नाही. तिथे कुणाचं नाव लिहायचं ते तुम्ही सांगा. आठ दिवसांत लेखी खुलासा यावा.

कीर्ती शिवशरण,
ड्रायव्हर

---

निंगनहळ्ळी,
२ ऑगस्ट २०२५

चि. कीर्ती हिस,

तू जयभीम लिहिला नाहीस, मी लिहितो. जयभीम.

खुलासा पुढीलप्रमाणे. १९ जून रोजी सकाळी अकरा वाजता तुझे पाकीट दारात आले. ते परत पाठवण्यास मी सांगितले. गुरप्पाने दोनदा हरकत घेतली, मी वयाचा आणि ओळखीचा दाब टाकला. चूक माझी आहे, संपूर्ण माझी आहे.

२८ जुलैला मी सोलापूरला येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही. मोठ्या पोस्टात माझ्या सहीने हे सगळे लिहून दिले. समोरचा साहेब तुझ्याच वयाचा. त्याने कागद दोनदा वाचला आणि मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. गुरप्पाला पुढे असे करू नये एवढी समज देऊन प्रकरण मिटवतो म्हणाला. तेथून आरटीओत गेलो. तीन तास थांबून परत आलेल्या ढिगातून तुझे पाकीट शोधायला लावले. माझ्या हातात दिले नाही. पत्तेदाराशिवाय कोणाला देणार नाही म्हणाले. त्यांचे बरोबर आहे. बाजूला काढून ठेवले आहे, जाऊन घे.

आता कारण. कारण न देता उत्तर लिहिले तर तू गुण देत नाहीस.

माझे वडील लिंबा दुधनीच्या मार्केट यार्डात हमाल होते. चोवीस वर्षे त्यांनी पाठीवरून तूर वाहिली आणि ट्रक भरले. ड्रायव्हर वरून हाक मारायचे ती ए अशी. चोवीस वर्षांत एकानेही नाव विचारले नाही. मी मॅट्रिकला होतो. भाकरी घेऊन यार्डात गेलो होतो. ते गोण्यांना पाठ टेकून बसले होते. ड्रायव्हरने मागे न बघता गाडी मागे घेतली. मी ओरडायला तोंड उघडले आणि आवाज फुटला नाही. डावा पाय मांडीपासून गेला. ड्रायव्हर खाली उतरला नाही, काचेतून बघत राहिला. नंतर नऊ वर्षे वडील घरात बसून होते. मला पोस्टाची नोकरी लागल्याची ऑर्डर आली त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. ही गोष्ट मी तुझ्या आईलाही पुरती सांगितलेली नाही. माझ्या घरातले कोणी ट्रकच्या जवळ जाणार नाही, खालीही नाही आणि वरही नाही, असे मी त्या दिवशी ठरवले होते.

तुझ्या ट्रकला माझी संमती नाही. आजही नाही. पण संमती नसणे वेगळे आणि टपाल परत लावणे वेगळे. दुसरे मी केले ते वाईट केले. त्याची मला लाज वाटते. या वयात बापाने मुलीला हे लिहावे लागते आहे. लिहितो आहे.

शिक्षा तू ठरव. पाकिटावर नुसते नाव लिहिले आहे.

तुझा,
त्रिंबक

---

चिंचोळी एमआयडीसी,
१४ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

खुलासा मिळाला. तक्रारीचा विषय संपला. गुरप्पाला फोन करून माफी मागितली. तो 'ताई, असू दे की' एवढंच तीनदा म्हणाला. श्रीदेवीसाठी टॉवेल आणि दोन चादरी पाठवल्यात, तिला द्या, बाहेर कुठे बोलू नका.

आजोबा तापाने गेले असं मला लहानपणापासून ठाऊक होतं. तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. एवढं तुम्ही पन्नास वर्षं पोटात ठेवून बसलात, आणि मला वाटत होतं की तुम्हाला फक्त लोकांच्या टाळ्यांची पडलीये. हे माझं चुकलं.

पण तुम्ही काढलेला अर्थ मला मान्य नाही. वर बसलेला माणूस खाली उतरला नाही म्हणून आपल्यातल्या कुणी वर बसायचंच नाही, हे कुठलं गणित?

कार्ड ५ तारखेला घेतलं. नवी गाडी नाहीच. मालकांकडे एक जुनी दहा टायरी उभी होती, तिच्यावर टिकायला कुणी तयार नव्हतं. तिचा क्लच जड आहे आणि डावा आरसा थरथरतो. पगार सहा हजारांनी कमी. मालक म्हणाले, काही दिवस काकांच्या शेजारीच बसा, घाई काय आहे. मी चावीसाठी हात पुढे केला तो मागे घेतलाच नाही. पहिल्याच खेपेला टॉवेल घेऊन बोरघाट उतरले. फळ्यावर मी तो फारच सरळ काढत होते. कॉलेजातूनही फोन आला होता, या सत्रात सहा तास शिल्लक आहेत म्हणे. मी बोरघाटाच्या पायथ्याशी चहा पीत होते. तास राहू द्या म्हणून सांगितलं.

शिक्षा ठरव म्हणालात. मी शिक्षा देणार नाही, फक्त कळवते आहे. गुरुवारी २१ तारखेला सकाळी दहा वाजता दुधनीच्या मार्केट यार्डात माझी गाडी लागेल. तूर भरून लातूरला न्यायची आहे. हे भाडं मी मालकांकडे मागून घेतलं. लिंबा हमालाची नात त्या यार्डात ट्रक घेऊन येणार आहे, गाडी थांबली की खाली उतरणार आहे, आणि भरणाऱ्या प्रत्येकाचं नाव विचारणार आहे. तुम्हाला घरी बसायचं असेल तर बसा. मी येणार म्हणजे येणार.

माझ्यावर रागावताना जी माया करता, ती तेवढी चालू ठेवा.

आपली,
कीर्ती

---

निंगनहळ्ळी,
२३ ऑगस्ट २०२५

चि. कीर्ती हिस,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, गुरुवारच्या प्रकाराबद्दल तुझा गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे, तो दूर करावा.

मी यार्डात आलो तो तुरीचा भाव विचारायला. आपल्याकडे तूर नाही हे मला ठाऊक आहे, तरी माणसाने भाव विचारून ठेवावा. त्या यार्डात मी एकावन्न वर्षांनी पाऊल टाकले. गाळ्यांच्या पत्र्याखाली, खांबाच्या आड उभा होतो. तुझी गाडी आत आली ती मी पाहिली. गाडी मोठी आहे. तू तिच्यात लहान दिसत होतीस.

गाळ्याला मागून लावायची होती. तुझ्याबरोबर मागे बघणारा कोणी नव्हता. हमाल आपापल्या गप्पांत होते. आणि गाडीच्या मागे एक म्हातारा गोण्यांना पाठ टेकून, पाय पुढे पसरून बसला होता. तुझा डावा आरसा थरथरतो, हे तूच लिहिले होतेस. इंजिनाचा आवाज वाढला आणि मागची चाके फिरली.

त्यानंतरचे मला सलग आठवत नाही. मी गाडीच्या मागे उभा होतो, चप्पल पायात नव्हती, आणि ओरडत होतो. थांब, थांब, असे ओरडलो. तू जागच्या जागी थांबलीस. म्हाताऱ्याला उठवून बाजूला केले. मग येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे, आणखी येऊ दे, बास, असे ओरडलो. आवाज इतका मोठा निघाला की अडते दुकानाबाहेर आले. घसा अजून बसलेला आहे.

तू उतरलीस. माझ्याकडे पाहिलेस. मला वाटले आता काही बोलशील. तू आधी त्या म्हाताऱ्याकडे गेलीस आणि त्याला नाव विचारून कागदावर लिहिलेस. ते बरोबर केलेस. मी तेवढ्यात निघून आलो. बसमध्ये मला रडू आले, शेजारच्या माणसाने पाणी दिले.

आता तुझ्या आईने सगळ्या वस्तीत सांगून ठेवले आहे की त्रिंबकाचा अबोला सुटला. ते खरे नाही. मी जे बोललो ते ट्रकला उद्देशून होते. तुझ्याशी माझा अबोला कायम आहे, आणि ट्रकला संमतीही नाही.

तरी कामाच्या दृष्टीने एक गोष्ट लिहितो. त्या गाडीला मागे माणूस लागतो. दुधनीचे भाडे पुन्हा मिळेल तेव्हा आदल्या आठवड्यात तारीख कळव. मी साडेनऊपासून मागे उभा राहीन.

कळवायचे ते पत्राने कळव. फोन करू नकोस, आपण बोलत नाही.

तुझा,
बाबा